डॉक्टरांना विचारा : ‘गोळी लागू पडलीय, मग रक्त कशाला तपासायचं?’

मागच्या अंकात उच्च रक्तदाबावर लिहिलं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन अशी ‘सार्टन’नं संपणारी कुठलीही गोळी चालू असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं गाळण्याचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासून घ्या. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर. काही घाबरलेली, काही सरळ चिडलेली. ‘बीपी एकशेतीसवर आलंय, आता हे नवीन खर्चाचं काय काढलं?’ असं एका काकांनी अंतर्देशीय पत्रावर लिहून पाठवलंय. अंतर्देशीय बघून मला इतका आनंद झाला की त्यांचा राग मनावर घेतला नाही. या वेळी बाकीचे आजार बाजूला ठेवते. सगळी जागा या गोळ्यांना.

प्रश्न : मॅडम, वय ६३, निवृत्त शिक्षक. आधी रामिप्रिल घेत होतो. कोरडा खोकला मागं लागला. सुंठ, ज्येष्ठमध, सिरप, छातीचा फोटो, सगळं झालं. शेवटी गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली आणि खोकला थांबला. पण नंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन १.० चं १.२ झालं. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, ही गोळी किडनी खाते, टाकून दे. काय करू? (शिवाजी पेठ)

उत्तर : सर, गोळी टाकू नका. कट्ट्यावर कुस्तीचा निकाल लावावा, गोळीचा नको.

आधी खोकल्याचं सांगते, कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. आपली किडनी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं. त्याचं शेवटचं, जोरकस रूप म्हणजे अँजिओटेन्सिन-दोन. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोनच्या मार्फत शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. दोन्हींमुळं दाब चढतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या अँजिओटेन्सिन-दोन तयार करणारं एन्झाइमच अडवतात. पण त्याच एन्झाइमकडं आणखी एक काम असतं, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकायचं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि श्वासनळ्यांना खाज सुटल्यासारखा कोरडा खोकला येतो. साधारण दहा जणांत एकाला असा त्रास होतो. सुंठ-ज्येष्ठमधानं तो जायचा नव्हताच. सार्टन त्या एन्झाइमला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-दोन जिथं जाऊन चिकटतं, ती पेशीवरची जागाच ती अडवून बसते. म्हणून दाब उतरतो आणि घसा शांत राहतो. या जातीची पहिली गोळी, लोसार्टन, १९९५ साली अमेरिकेत मंजूर झाली. टेल्मिसार्टन १९९८ची. म्हणजे ‘नवीन औषध आहे, काय सांगता येतंय’ म्हणण्याचे दिवस कधीच गेले.

आता क्रिएटिनिन. तुमच्या घरची शेती असेल तर चटकन कळेल. उसाच्या वाफ्यात पाटातून पाणी येतं आणि खालच्या तोंडातून निघून जातं. खालचं तोंड आवळलं तर वाफ्यात पाणी तुंबून दाब वाढतो. किडनीच्या प्रत्येक चाळणीला अशीच एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी बारीक रक्तवाहिनी असते. अँजिओटेन्सिन-दोन बाहेर जाणारी जास्त आवळतं. सार्टन ती सैल करते, चाळणीतला दाब उतरतो. त्यामुळं गाळणं थोडं कमी होतं आणि क्रिएटिनिन जरासं वर सरकतं. पण या उतरलेल्या दाबामुळंच चाळणी जास्त वर्षं टिकते, विशेषतः मधुमेहात, जिथं लघवीतून प्रथिनं जायला लागलेली असतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टाइप-टू मधुमेहानं किडनी बिघडलेल्या १५१३ रुग्णांना लोसार्टन किंवा नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. दोन्ही गटांचा रक्तदाब इतर औषधांनी ताब्यात ठेवला होता. तरी लोसार्टनच्या गटात किडनी पूर्ण निकामी व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी निघालं. तुमचे मित्र ‘किडनी खाते’ म्हणतात ती याच जातीची गोळी.

मग काळजी कधी करायची? गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन मूळच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत चढलं आणि तिथं थांबलं, तर चालू द्यायचं. तुमचं २० टक्के चढलंय. महिन्याभरानं परत बघा. १.२ च्या आसपास असेल तर पुढं वर्षातून एकदा-दोनदा पुरे. १.३ च्या वर गेलं तर डॉक्टरांकडं जा. तेव्हाही लगेच गोळीला दोष द्यायचा नाही. जुलाब झाले होते का, पेनकिलर घेतली का, लघवी अडते का, हे आधी विचारलं जाईल. तुमच्या वयात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बायकोसमोर नीट दिलं जात नाही, म्हणून मी पुरुष रुग्णांना तो एकट्यात विचारते.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७१, शुगर आणि बीपी दोन्ही. टेल्मिसार्टन ८० रोज चालू आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही ‘लो सोडियम’ मीठ आणतो. ते रोज सकाळी एक शहाळं पितात. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणतात, आठवड्यातून चार-पाच वेळा तरी. तुमचा लेख वाचून पोटॅशियम केलं, ५.८ आलं. लॅबवाल्यानं त्याच्याभोवती लाल गोल केलाय. (कागल)

उत्तर : ताई, हा अंक हातात पडेपर्यंत तुम्ही डॉक्टरांना भेटला असाल अशी आशा आहे. तुमचं पत्र मिळाल्यावर संपादकांनी दिलेल्या क्रमांकावर मी निरोप ठेवला होता. हे उत्तर खरं म्हणजे बाकीच्या वाचकांसाठी आहे, कारण तुमच्या घरात जे चाललंय ते मला दर आठवड्याला कुठल्या तरी पिशवीत सापडतं. पेशंटला मी चिठ्ठी नव्हे, पिशवी आणायला सांगते. घरात जे जे म्हणून तोंडात जातं ते सगळं.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. सार्टननं अल्डोस्टेरॉन कमी होतं, आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढायचं काम अल्डोस्टेरॉनचंच. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचं पोटॅशियम थोडं वर राहतं. किडनी धडधाकट असेल तर ते निभावून जातं. जुनी शुगर, सत्तरी आणि दमलेली किडनी असेल तर निभत नाही. पोटॅशियम फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. हातपाय गळल्यासारखे वाटतील फार तर. म्हणून मी रक्त तपासा म्हणते. लक्षणाची वाट बघत बसण्यासारखं हे प्रकरण नाही.

तुमच्याकडं तीन गोष्टी एकत्र आल्यात. पहिली ते मीठ. त्यातलं सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मीठ वाईट नाही हं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर असं मीठ वापरून बघितलं, आणि २०२१ साली आलेल्या निकालात पक्षाघाताचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पण त्या अभ्यासात किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. सासऱ्यांसारख्या माणसानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही. साधं मीठच आणा आणि कमी घाला. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही सगळं धरून. आपल्याकडं तांबड्या रश्श्याच्या तिखटाला सगळे नावं ठेवतात. तिखटानं बीपी वाढत नाही, त्यातल्या मिठानं वाढतं, आणि पापड, लोणचं, भडंग, फरसाण यातल्या मिठानं तर फारच. सैंधव मिठाचं विचाराल म्हणून आधीच सांगते : तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंगाचे पैसे जातात.

दुसरं शहाळं. निरोगी माणसाला उत्तम. तुमच्या सासऱ्यांना सध्या बंद. केळी-मोसंबी किती खायची हे पुढच्या रिपोर्टवर ठरेल. उगाच सगळी फळं तोडू नका.

तिसरी गुडघ्याची गोळी, आणि मला सर्वांत जास्त राग हिचा आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफेनॅक असल्या गोळ्या किडनीत आत येणारी रक्तवाहिनी आवळतात. सार्टन बाहेर जाणारी सैल करते. वरून लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणीही कमी. तिन्ही एकत्र आल्या की चांगली किडनीसुद्धा चार दिवसांत बसते. शिवाय या पेनकिलरनं बीपी चढतं, म्हणून सार्टनचा डोस वाढवला जातो, आणि घोळ वाढत जातो. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, शेक द्या, मलम लावा, मांडीचे व्यायाम करा. मेडिकलवाल्याला ‘गुडघ्याची गोळी द्या’ एवढंच सांगू नका. ‘बीपीची सार्टन चालू आहे’ हे आधी सांगा. आपल्या गल्लीतला मेडिकलवाला बऱ्याचदा डॉक्टरपेक्षा जास्त ऐकून घेतो.

५.८ ला काय करतात : नमुना घेताना किंवा नेताना रक्तपेशी फुटून आकडा खोटा चढला नाही ना, म्हणून परत तपासतात, ईसीजी काढतात, टेल्मिसार्टन काही दिवस थांबवतात किंवा डोस उतरवतात. ६ च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात भरती. नंतर मीठ-शहाळं-पेनकिलर सुटल्यावर बहुतेकांना गोळी कमी डोसमध्ये परत देता येते. शुगरवाल्या माणसाच्या हातून ही गोळी कायमची जाऊ नये अशी माझी धडपड असते.

प्रश्न : वय २९. लग्नाला वर्ष झालं. बीपी १५०/१०० निघालं म्हणून टेल्मिसार्टन ४० सुरू आहे, आता नॉर्मल असतं. आम्ही बाळाचा विचार करतोय. सासूबाईंना गोळीचं माहीत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : गोळी बदलायची आहे, आणि दिवस राहायच्या आधी. गरोदरपणात सार्टन चालत नाही. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढं तिनं बाळाच्या किडनीची वाढ बिघडते, गर्भजल आटतं, कवटीची हाडं नीट भरत नाहीत, आणि बाळ दगावूही शकतं. रामिप्रिलच्या जातीलाही हीच मनाई. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन (सावकाश विरघळणारी), मिथिलडोपा ही औषधं वापरतात, आणि त्यांच्यावर बाळंतपणं नीट पार पडतात. पण आजच्या आज गोळी बंद करून मोकळ्या होऊ नका. डॉक्टरांकडून बदलून घ्या, नव्या गोळीवर बीपी बसतंय हे बघा आणि मग विचार करा. तोवर गर्भनिरोधक वापरा. पाळी चुकली तर त्याच दिवशी टेल्मिसार्टन थांबवून फोन करायचा. चुकून सुरुवातीचे काही दिवस गोळी पोटात गेली म्हणून गर्भपाताचा विचार लगेच कुणाच्या डोक्यात येऊ देऊ नका. सोनोग्राफी करून बहुतेक वेळा पुढं जाता येतं.

तुम्ही विचारलेलं नाही ते मी विचारते : २९ व्या वर्षी बीपी का चढलं, हे कुणी बघितलं का? दोन्ही हातांचं बीपी घेतलं का? आपल्याकडं तरुण बायकांत ताकायासू नावाचा आजार आढळतो, त्यात मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. किडनीला जाणारी वाहिनी अरुंद झाली तरी बीपी चढतं. दोन्ही बाजूंच्या वाहिन्या अरुंद असतील आणि सार्टन दिली, तर किडनी एकदम बंद पडू शकते. म्हणून लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड आणि किडनीच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी एवढं तरी बाळाच्या आधी करून घ्या.

सासूबाईंचं. सांगायचं की नाही, तुमचं घर तुम्हाला माहीत. पण नवऱ्याला सोबत घेऊन या. बीपीची सून म्हणून नावं ठेवणाऱ्या घरात गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या जातात आणि मग चुकतात, हे मी बघितलंय.

प्रश्न : गुऱ्हाळावर गुळव्या आहे. वय ४८. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेली एकच गोळी दिलीय. हंगामात चुलवाणाच्या धगीनं घाम लई जातो. उभा राहिलो की डोळ्यांपुढं अंधारी येते. गोळी रोज घ्यायची का त्रास असेल तेव्हाच? (करवीर तालुका)

उत्तर : दादा, रोजच घ्यायची. बीपीचा त्रास जाणवेल तेव्हा घ्यायची म्हटलं तर बहुतेकांना ती कधीच घ्यावी लागणार नाही, कारण बीपी जाणवत नाही. सार्टनचा पुरा परिणाम दिसायलाच चारेक आठवडे लागतात.

पण तुमची अंधारी खरी आहे. घामानं पाणी आणि मीठ जातं, वरून लघवीच्या गोळीनं जातं, आणि सार्टनमुळं रक्तवाहिन्या वेळेला आवळून दाब सावरत नाहीत. डॉक्टरांना हे काहिलीसमोरचं काम नीट सांगा. चिठ्ठीवर ‘व्यवसाय’ म्हणून शेती लिहिलेली असते, त्यात चुलवाण येत नाही. बसल्या आणि उभं राहिल्यावर, दोन्ही बीपी मोजायला सांगा. हंगामापुरती लघवीची गोळी काढून साधी टेल्मिसार्टन, किंवा तिच्या जोडीला अम्लोडिपिन, असा बदल मी तरी करीन. पाणी-ताक जवळ ठेवा.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. ज्या दिवशी उलट्या-जुलाब लागले, अन्नपाणी पोटात ठरेना, त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही. नीट जेवू-पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांत परत सुरू करायची. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन गेला की गढूळ पाण्यानं जुलाबाची साथ येते, आणि त्याच आठवड्यात क्रिएटिनिन चढलेले बीपीवाले दवाखान्यात दिसतात. ‘गोळी चुकवू नका’ असं आम्हीच बजावलेलं असतं, ते बिचारे जुलाबातही इमानदारीनं घेत राहतात.

प्रश्न : यजमानांना हृदयाच्या डॉक्टरांनी रामिप्रिल दिलीय आणि शुगरच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन. दोन्ही घेतात. चालेल? (राजारामपुरी)

उत्तर : नाही. २००८ साली पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासात टेल्मिसार्टन एकटी रामिप्रिलच्या तोडीस तोड ठरली. दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही, किडनीचे त्रास, पोटॅशियम आणि चक्कर मात्र वाढली. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा, ते एक काढतील. कुठली, ते मी इथून सांगणार नाही.

प्रश्न : सकाळी घ्यावी की रात्री? (तिघांनी विचारलंय.)

उत्तर : तुम्हाला आठवेल तेव्हा, पण रोज त्याच वेळेला. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर याचाच अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक-पक्षाघातात काही फरक निघाला नाही. टेल्मिसार्टन तशीही चोवीस तास पुरते.

प्रश्न : ओल्मेसार्टन चालू आहे. बरेच महिने जुलाब आणि वजन उतरतंय, पोटाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. गोळीशी संबंध असेल का? (गडहिंग्लज)

उत्तर : असू शकतो. क्वचित होतं, पण होतं. ओल्मेसार्टननं आतड्याचं अस्तर खराब होऊन जुने जुलाब लागतात, कधी गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये तशी सूचना काढली. पोटाच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. दुसऱ्या जातीच्या गोळीवर गेल्यावर जुलाब थांबतात का, हे बघणं सर्वांत सोपं. तपासण्यांच्या फायलीत पहिलं पान म्हणून गोळ्यांची यादी लावायची सवय आपल्याकडं नाही.

प्रश्न : मुलानं सात वारांची प्लास्टिकची डबी आणून दिलीय. आठवड्याच्या गोळ्या काढून भरून ठेवते. टेल्मिसार्टनच्या गोळ्या मऊ पडून फुगतात. मेडिकलवाला बदलून देत नाही. माल खराब आहे का? (गंगावेश)

उत्तर : माल चांगला आहे, आजी. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. ती घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची. मुलाची डबी वाया घालवू नका. पट्टी कात्रीनं एकेका गोळीपुरती कापा आणि वेष्टनासकट त्या त्या वाराच्या कप्प्यात ठेवा. फुगलेल्या टाकून द्या. आणि कापताना गोळीचं नाव व मुदतीची तारीख असलेला पट्टीचा तुकडा सगळ्यात शेवटी वापरा, म्हणजे पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ‘ती पांढरी, लांबट’ असं मला सांगावं लागणार नाही.